चिपच्या चतुःसीमा

मन्मथअप्पा हत्तरगे यांच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो घ्यायला आलेल्या माणसाला, तो हातात पडण्यापूर्वी, चार पानांचा मजकूर उभे राहून मोठ्याने वाचावा लागतो. वाचता येत नसेल तर अप्पा स्वतः वाचतात आणि प्रत्येक परिच्छेदानंतर गिऱ्हाइकाने "ऐकलं" असे म्हणायचे असते. जो मधली ओळ गाळतो, त्याला अप्पा पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडतात. निलंग्याकडचे एक ऊसवाले पाटील एकदा तिसऱ्या पानावर चिडले आणि मोटारसायकलवर बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते चष्मा घेऊन परत आले, कारण असा ऑटो लातूर जिल्ह्यात दुसरीकडे मिळत नाही.

या प्रकाराविषयी आमच्या भागात जे बोलले जाते, त्यातील बहुतेक खोटे आहे. अप्पा गिऱ्हाइकाला गळ्यातल्या लिंगाची शपथ घालतात, असे चहाच्या टपरीवर सांगितले जाते. अशी शपथ कधीही घातली गेलेली नाही. अप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे त्यांचे सख्खे मेव्हणे सांगतात. मेव्हण्याचे मत पुरावा म्हणून कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरले जात नाही. एका रविवारच्या पुरवणीत तर, हा चार पानांचा मजकूर इंटरनेटवरून उतरवून घेतला आहे, असे छापून आले. तो मजकूर मी लिहिला आहे. मी चाळीस वर्षे लातूरच्या निबंधक कचेरीसमोर दस्तलेखक म्हणून बसलो. तालुक्यातील निम्मी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि बक्षीसपत्रे माझ्या हातची आहेत. एखाद्या दस्ताचा लेखक कोण, याविषयी पुरवणीवाल्यांनी मला शिकवू नये.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्यासाठी आधी ऑटोविषयी सांगतो. शेतातली वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल, याचा नेम नसतो. ऑटो म्हणजे वीज आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू करणारी पेटी. बाजारातली पेटी वीज आली एवढेच पाहते आणि मोटार सुरू करते. अप्पांची पेटी तिन्ही फेज आल्या का, बरोबर क्रमाने आल्या का, त्यांत एखादी लंगडी आहे का, हे सारे पाहते आणि शंका आली तर मोटारीला हात लावू देत नाही. अप्पांच्या पेटीवर चालणारी मोटार जळालेली मी अजून पाहिलेली नाही.

त्या पेटीत नखाएवढी एक चिप असते. ती कारखान्यातून कोरी येते. तिच्या आत कोणती जोडणी व्हावी, हे इंग्रजी अक्षरांत ओळीमागून ओळ लिहून तिला कळवायचे असते आणि मग ती आतून तशी जुळून येते. म्हणजे लिहिलेला मजकूर हेच यंत्र आणि यंत्र हाच मजकूर. मोटारींची कॉइल भरण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्या अप्पांनी पन्नाशी उलटल्यावर ही विद्या एकट्याने, मोबाइलवर आणि एका जुन्या संगणकावर शिकून घेतली. लातुरात ती दुसऱ्या कोणाला येत असल्यास त्याने पुढे यावे. मी माझे विधान मागे घेईन.

सहा वर्षांपूर्वी अप्पा माझ्याकडे आले. ते मला मुनशीजी म्हणतात. माझ्या परवान्यावर दस्तलेखक असे लिहिले आहे, हे मी त्यांना अनेकदा दाखवले, पण त्यांच्या वडिलांच्या काळी माझ्या जागेवर बसणाऱ्याला मुनशी म्हणत, म्हणून मीही मुनशी.

"मुनशीजी, एक दस्त करायचाय," ते म्हणाले. "शेताचा न्हाई, घराचा न्हाई."

मग कशाचा, असे मी विचारले. त्यावर त्यांनी जे सांगितले ते असे: पेटी विकायची, पण आतले लिहिलेले विकायचे नाही. ते ज्याला हवे त्याने उघडून पाहावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. अटी दोनच. लिहिणाऱ्याचे नाव राहू द्यावे आणि काही बदलले तर ते अप्पांना आणून दाखवावे.

मी तीन दिवस विचार केला. विकलेली वस्तू घेणाऱ्याची होते, हे आम्ही जन्मभर लिहीत आलो. येथे पेटी घेणाऱ्याची, मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा आणि तरीही तो सर्वांना मोकळा. कायद्यात असा मजकूर पुस्तकासारखाच लेखकाचा असतो, हे मी एका वकिलाच्या पुस्तकात वाचून खात्री करून घेतली. परंतु पुस्तक कोठे संपते ते दिसते; या चिपमधले पुस्तक कोठे संपते? म्हणून मी त्या चार पानांच्या दस्तात चतुःसीमा घातल्या. पूर्वेस वीजमंडळाच्या तीन तारा, दक्षिणेस मोटारीची केबल, पश्चिमेस पेटीचा पत्रा आणि उत्तरेस बॅटरी. येणेप्रमाणे चतुःसीमांच्या आतील संपूर्ण मजकूर मन्मथ हत्तरगे यांचा व पलीकडील ज्याचा त्याचा.

कोर्टातले तरुण वकील या चतुःसीमांना हसतात. त्यांच्यापैकी एकाला मी विचारले की, उद्या कोणी अप्पांची चिप काढून स्वतःच्या यंत्रात बसवली, तर अप्पांची अट त्या यंत्राच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचेल? तो म्हणाला, बघून सांगतो. अजून बघतो आहे.

लिहिणाऱ्याचे नाव राहू द्यावे, ही अट केवळ दुकानातली आहे, असे समजू नये. अप्पांच्या घरी जेवायला बसलात आणि शेंगदाण्याची चटणी चांगली झाली आहे असे म्हणालात, तर अप्पा घास थांबवून सांगतील की, मूळ चटणी निलंग्याच्या मावशीची, लसूण आमच्या आईने वाढवला आणि जिरे काढून टाकले ते आमच्या हिने. ते विनोद सांगतात तोही असाच. "ह्यो किल्लारीच्या एका जीपवाल्याचा हाय, शेवट तेवढा माझा," असे आधी सांगून मग सुरुवात करतात, त्यामुळे शेवट आला हे आपल्याला आधीच कळते आणि हसू येत नाही. लग्नाची पत्रिका हातात पडली की पहिला प्रश्न, "हे कुणी लिवलं?" औषधाची चिठ्ठी, बसस्थानकावरची सूचना, देवळातल्या आरतीत नव्याने घुसलेली ओळ, सगळ्यांना हाच प्रश्न. त्यांच्या पत्नी महादेवीवहिनी म्हणतात, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला तवा ह्यांनी त्याच्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक कुणी काढलं त्ये इचारलं. जंगम मंगलाष्टकं इसरला."

आता मुख्य हकिगतीकडे येतो, कारण तीच सर्वांत जास्त विपर्यस्त करून सांगितली जाते.

गेल्या हिवाळ्यात, हरभऱ्याला पाणी देण्याच्या ऐन दिवसांत, अप्पांनी दुकानावर पाटी लावली: परवानगी मिळेपर्यंत ऑटो मिळणार नाही. ती पाटी चार महिने राहिली. लोक म्हणतात, मोठ्या शहरातल्या एका कंपनीची नोटीस आली आणि अप्पा घाबरले. काही म्हणतात, अप्पांनी पंजाबातल्या कोणाची तरी चोरी केली होती, ती उघडकीस आली. कोणतीही नोटीस आली नव्हती. जगातल्या कोणत्याही माणसाने अप्पांना एका शब्दाने विचारले नव्हते. ते दुकान माझ्यामुळे बंद झाले.

झाले ते असे. अप्पांच्या मजकुरात एक भाग त्यांचा नव्हता. तिन्ही फेजचा क्रम ओळखणारा तो भाग. तो त्यांनी सुरुवातीच्या दिवसांत इंटरनेटवर पाहिला आणि घेतला. लिहिणाऱ्याने खाली केवळ एस. डब्ल्यू. अशी दोन अक्षरे टाकली होती. अप्पांनी ती दोन अक्षरे इमानाने चिपच्या मजकुरात ठेवली होती, माझ्याकडून दस्तातही घालून घेतली होती आणि प्रत्येक गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर ती मोठ्याने वाचत असे. बोलता बोलता एकदा अप्पा मला म्हणाले की, त्या माणसाने एकही अट लिहिली नाही, एवढा मोठ्या मनाचा माणूस.

मी म्हणालो, "अप्पा, अट लिहिली नाही म्हणजे परवानगीही लिहिली नाही. शेताला कुंपण नसलं म्हणून त्याचा सातबारा कोरा होत नाही."

हे वाक्य मी म्हणालो आणि ते कायद्याने बरोबर आहे; आजही मी ते मागे घेत नाही. परंतु ते ऐकून अप्पांचा चेहरा कसा झाला, हेही मी नाकारत नाही. त्यांनी हातातली सोल्डरिंगची गन खाली ठेवली. सहा वर्षांत दुकानातून गेलेल्या प्रत्येक पेटीत दुसऱ्याचा माल विनापरवाना गेला, एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

मी त्यांना पुष्कळ समजावले. इतकी वर्षे चालले, पुढेही चालेल, असे मी म्हणालो नाही, कारण तसे म्हणणे माझ्या धंद्याला शोभत नाही. मी सुचवले की, तो भाग काढून टाका आणि स्वतःचा लिहा. अप्पांनी तेही करून पाहिले होते. दोन आठवडे बसून लिहिले आणि फाडले.

"ते सहा वर्सं वाचलंय मुनशीजी. आता कसंबी लिवा, तसंच उतरून राहिलंय. डोळ्यांतनं पुसू कसं?"

डोळ्यांतले पुसण्याचा दस्त मला येत नाही, असे मी म्हणालो. मी असे म्हटल्याचे कोणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

शेतकरी येत, पाटी वाचत, अप्पांना शिव्या देत. महादेवीवहिनी मला शिव्या देत. त्यांचे म्हणणे असे की, कचेरीसमोरच्या माणसाशी बोलण्यापेक्षा ह्यांनी एखादे व्यसन केले असते तर दुकान तरी उघडे राहिले असते. अप्पा मात्र शटर अर्धे उघडून आत बसत आणि पत्रे लिहीत. त्या मजकुराबरोबरचा ई-मेलचा पत्ता कधीच बंद पडला होता. मग त्यांनी पंजाबातल्या तीन महाविद्यालयांना पत्रे पाठवली. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी ऑटो केवढ्याला पडतो, असे विचारले.

पंजाबच का, असे मी विचारले. अप्पांनी सांगितले की, त्या मजकुरात एके ठिकाणी होला मोहल्ल्याची कॉलेजला सुट्टी, म्हणून आज यालाही सुट्टी, असा उल्लेख आहे. त्यावरून तो माणूस सरदारजी आणि सरदारजी म्हणून पंजाबातला, हे अप्पांनी सहा वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते.

मी म्हणालो, मूळ दस्त दाखवा. मूळ दस्त न पाहता मी कधी कोणाला सल्ला दिला नाही. या वेळी तेवढी ती चूक केली होती. अप्पांनी एस. डब्ल्यू. यांचा मूळचा भाग कागदावर छापून आणला. त्यातले यंत्राचे मला काहीही कळले नाही. परंतु त्या ओळींच्या कडेला, दोन तिरप्या रेघा ओढून, काही साधे इंग्रजी लिहिलेले होते. अप्पांनी सांगितले की, त्या दोन रेघांच्या पुढचे चिप वाचत नाही. ते माणसाने माणसासाठी लिहिलेले असते. पुढे कोणी वाचायला बसला तर त्याला समजावे म्हणून.

मला त्यातले तेवढेच वाचता येत होते, म्हणून मी तेवढेच वाचले. होला मोहल्ल्याची ओळ होती. आणखी नऊ ओळी खाली लिहिले होते: केळीच्या मळ्यावर तपासले, सायंकाळी व्होल्टेज फार कमी.

"अप्पा," मी म्हणालो, "पंजाबात केळीचे मळे कुठे आहेत?"

अप्पांनी ती ओळ सहा वर्षांत शेकडो वेळा वाचली असेल. व्होल्टेज त्यांनी पाहिले, केळी पाहिली नाही. ज्या गावात होला मोहल्ल्यासाठी कॉलेजला सुट्टी असते आणि तासाभरात केळीच्या मळ्यावर जाता येते, असे गाव शोधायला मला नकाशा लागला नाही. गुरुद्वाऱ्याच्या नांदेडपुढे केळीचे अर्धापूर आहे, हे आमच्या एसटीच्या कंडक्टरलाही माहीत असते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही नांदेडच्या गाडीत बसलो. मी परवानगीचा दस्त तयार करून घेतला होता. त्यातही चतुःसीमा घातल्या होत्या; नाव व तारीख यांची जागा तेवढी कोरी होती. अप्पांच्या पिशवीत शाल, नारळ आणि पेनड्राइव्ह होता. अहमदपूरपर्यंत ते फार आनंदात होते. मी सहज म्हणालो की, नांदेडचे सरदारजी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले मराठी बोलतात. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली माणसे. त्यानंतर अप्पा लोह्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. गाडी लागली असेल, असे मला वाटले.

शहरातल्या एका तंत्रनिकेतनाच्या कचेरीत आम्ही दोन अक्षरे आणि केळीचा मळा एवढ्या भांडवलावर चौकशी केली. तिथला कारकून हसला. तो म्हणाला, एस. डब्ल्यू. म्हणजे सुजाता वाघमारे मॅडम, इलेक्ट्रॉनिक्सच्या. मागच्याच वर्षी निवृत्त झाल्या आणि त्यांच्या भावाच्या मळ्यातली केळी आम्ही सगळ्यांनी खाल्ली आहेत.

त्यांच्या दारात पोहोचेपर्यंत अप्पांनी तीनदा परत फिरण्याची भाषा केली. नांदेडला येऊन परत फिरायचे कारण काय, हे मला कळेना. दार उघडले ते चष्मा कपाळावर चढवलेल्या एका बाईंनी. अप्पांनी आत कोणी सरदारजी दिसतात का म्हणून बाईंच्या खांद्यावरून एकवार पाहिले आणि शाल कोणाच्या हातात द्यावी हे न समजून ती माझ्या हातात दिली.

मॅडमना सगळे सांगायला मला दहा मिनिटे लागली. त्यांना आधी तो मजकूर आठवेना. मग आठवला आणि त्या म्हणाल्या, "वापरा की. एवढं विचारायला लातूरहून आलात?"

मी म्हणालो की, तोंडी परवानगी चालत नाही, ती लेखी आणि सहीनिशी हवी. शिवाय त्या नोकरीत असताना हा मजकूर लिहिला गेला असेल, तर मालक त्या नसून त्यांची संस्था ठरू शकते. तेव्हा आधी त्याचा खुलासा व्हावा. अप्पांनी माझा सदरा ओढला. मॅडमनी मात्र माझ्याकडे नीट पाहिले आणि खुलासा केला. तो मजकूर त्यांनी होळीच्या दिवसांत, रात्री, स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भावाची अर्धापूरची मोटार दोनदा जळाली म्हणून लिहिला होता. संस्थेचे त्यात पेनसुद्धा नव्हते. मी समाधान झाल्याचे सांगितले.

मग त्यांनी दस्त वाचला. सगळा वाचला. चतुःसीमांपाशी त्या थांबल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "हे बरं केलंत. कुठपर्यंत आपलं आणि कुठून दुसऱ्याचं, हेच कोणी लिहीत नाही." लातूरच्या त्या तरुण वकिलांनी हे वाक्य वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मी पेन उघडून पुढे केले. मॅडम म्हणाल्या, "थांबा. माझ्या लिहिलेल्याचं यांनी काय केलंय, ते बघते आणि मग सही करते."

आता येथे लक्ष द्यावे. जो माणूस सहा वर्षे साऱ्या जिल्ह्याला उभे करून चार चार पाने वाचायला लावत होता, तो खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम. लई गचाळ लिवलंय. बघन्यासारखं न्हाई."

"अहो, बघण्यासाठीच तर आणलंय ना," असे म्हणून मॅडमनी पेनड्राइव्ह लावला.

पडद्यावर त्यांच्या ओळी होत्या, अप्पांच्या ओळी होत्या आणि मूळ दस्तात नसलेले आणखी काही होते. मॅडमच्या प्रत्येक इंग्रजी शेऱ्याखाली, दोन तिरप्या रेघांच्या पुढे, मराठीत काहीतरी लिहिलेले होते. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागेच उभा होतो, त्यामुळे येथे जे देतो ते माझ्या डोळ्यांनी वाचलेले आहे.

मॅडमनी एके ठिकाणी लिहिले होते की, येथे क्रम उलटतो, कारण सापडले नाही. त्याखाली अप्पांनी लिहिले होते: सरदारजी, मलाबी सापडलं न्हाई. चहा पिऊन येतो.

त्याखाली: तिसरा दिस हाय. न्हाई सापडलं.

त्याखाली: सापडलं. सांजच्याला व्होल्टेज उतरतं तवा उलटतंय. तुमचं चुकलं न्हवतं, लाईनचं चुकलं. आता तुमाला कळवू कसं?

मॅडम हसल्या. सरदारजी कोण, असे त्यांनी विचारले. अप्पा नारळाची शेंडी सारखी करत होते. मी खुलासा केला. मॅडम आणखी हसल्या आणि पुढे वाचू लागल्या.

होला मोहल्ल्याच्या शेऱ्याखाली होते: सुट्टी घेतली ते बरं केलं. मीबी आज दुकान लवकर बंद केलं. पुढे एके ठिकाणी: हितं मी तुमची ओळ काढून माझी टाकली व्हती. राती वाटलं तुमचीच बरी. परत टाकली. राग नसावा. आणखी पुढे: महादेवीचं आपरेशन झालं. बरी हाय. चौथी ओळ बदलली.

मॅडमचे हसणे केव्हा थांबले ते मला नेमके सांगता येणार नाही. त्या हळूहळू वाचत होत्या आणि पडदा वर सरकत होता. अगदी शेवटी, जिथे मॅडमचा मजकूर संपून केवळ अप्पांचा उरतो, तिथे त्यांचा एकही शेरा नव्हता. तरीही अप्पांनी लिहिले होते: बदललं तर दाखवा म्हनून समद्यांकडनं वाचून घेतो. सहा वर्सं झाली. दाखवायला एकजन आला न्हाई. लातुरात ह्ये वाचनारं मानूस न्हाई सरदारजी. तुमी असता तर बरं झालं असतं.

ती दुसरी अट माझ्याच हातची आहे. कोणी मजकुरात खोड्या करू नयेत म्हणून अप्पांनी ती घालून घेतली, असे मी सहा वर्षे समजत होतो आणि तसे लोकांनाही सांगत होतो. लोकांच्या चुका काढणाऱ्याने आपलीही एक नोंदवावी, म्हणून नोंदवतो.

अप्पा खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, माफी असावी. तिकडं पंजाबात कोन मराठी वाचतंय, म्हनून लिवत गेलो. घरी गेलो की समदं पुसून टाकतो."

"पुसायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले, दस्ताच्या चारही पानांवर सही केली आणि कागद माझ्याकडे दिले. मी नाव व तारीख घातली आणि ते पिशवीत ठेवले. पुढच्या सोमवारी दुकानावरची पाटी निघाली ती या सह्यांच्या बळावर. कोणत्याही कंपनीशी झालेल्या तडजोडीवर नाही.

मला वाटले, काम झाले. मी शाल मॅडमना दिली आणि गाडीची वेळ सांगितली. परंतु मॅडमनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले होते आणि या वेळी शेरे सोडून मधल्या ओळी, ज्या मला कळत नाहीत, त्या. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

"अप्पा, हे चुकलंय तुमचं. लाईट जाऊन लगेच परत आली, तर तुमची मोजणी शून्यावर येत नाही. जुन्याच आकड्यावरून पुढे जाते. कधीतरी एखाद्याची मोटार जाळेल हे."

अप्पा त्या वेळी रडले, असे आता लातुरात सांगितले जाते. ज्यांनी हे पसरवले ते तिथे नव्हते, मी होतो. अप्पा रडले नाहीत. त्यांनी नारळ जमिनीवर ठेवला, स्टूल ओढून मॅडमच्या शेजारी घेतले आणि नाक पडद्याला लागेल इतके वाकून ती ओळ दोनदा वाचली.

"हाव," ते म्हणाले. "चुकलंय."

मॅडमनी उपाय सांगितला. अप्पांनी तिथल्या तिथे दोन शब्द बदलले. मॅडम म्हणाल्या, आता ठीक आहे, बाकीचे चांगले लिहिले आहे. अप्पा उठले नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग मॅडमकडे पाहिले.

"एवढीच?" त्यांनी विचारले. "नीट बघा, मॅडम. आनखी असंल."